परदेशी नोकरीच्या नावाने फसवणूक: एजंटवर फौजदारी गुन्हा कसा नोंदवायचा

परदेशात नोकरी लावतो म्हणून पैसे घेतलेल्या एजंटविरुद्ध पोलीस ठाण्यात गेलं की पुष्कळदा पहिलं वाक्य कानावर पडतं ते असं: "हा तुमचा आपसातला देण्याघेण्याचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा." एजंटचंही म्हणणं तेच असतं. पैसे घेतल्याचं तो नाकारत नाही. कंपनीने व्हिसा थांबवलाय, थोडी कळ काढा, परत देतो, एवढंच म्हणतो. मग माणूस कळ काढतो. वर्ष जातं, कधी दोन.

या उत्तराला तोड कायद्यातच आहे. सरकारी परवान्याशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं भरण्याचा धंदा करणं हाच भारतात स्वतंत्र गुन्हा आहे. पैसे परत दिले तरी तो गुन्हा राहतो आणि नोकरी खरी निघाली तरी राहतो. फसवणूक सिद्ध करायला एजंटच्या मनात आधीपासून काय होतं ते दाखवावं लागतं. परवाना नव्हता हे दाखवायला एक सरकारी उत्तर पुरतं. म्हणून तक्रार लिहिताना दोन्ही धागे एकत्र ठेवायचे: परवान्याचा, कारण तो सिद्ध करायला सोपा, आणि फसवणुकीचा, कारण त्याची शिक्षा मोठी. फक्त फसवणुकीवर जोर दिलेल्या तक्रारी 'सिव्हिल मॅटर'च्या शेऱ्याखाली पडून राहतात, आणि फक्त परवान्याच्या कलमावर उभ्या राहिलेल्या केसमध्ये आरोपी सहज जामिनावर सुटतो.

१९८३चा कायदा काय म्हणतो

कायदा आहे एमिग्रेशन ॲक्ट, १९८३, सरकारी मराठीत उत्प्रवासन अधिनियम. त्याचं कलम १० सांगतं की नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कुणीही भरतीचा धंदा सुरू करू नये आणि चालवू नये. कलम १६ मालकांसाठी आहे. परदेशी कंपनीला इथून माणसं न्यायची असतील तर तिने परवानाधारक एजंटमार्फत न्यावीत, नाहीतर स्वतः परमिट घ्यावं.

'भरती' म्हणजे काय याची व्याख्या या कायद्यात मुद्दाम सैल ठेवली आहे. जाहिरात देणं भरतीतच येतं. नोकरी मिळवून देतो किंवा मिळवायला मदत करतो असं जाहिरातीतून सांगणं येतं. परदेशातल्या नोकरीबद्दल एखाद्याशी पत्रव्यवहार, बोलणी किंवा करार करणंही येतं. त्यामुळे "मी फक्त माहिती दिली, पुढचं मुंबईच्या ऑफिसने केलं" हा बचाव दिसतो तेवढा भक्कम नाही. व्हॉट्सॲपवर 'कुवेत अर्जंट, हेल्पर, राहणं-खाणं फ्री' असा मेसेज फिरवून पासपोर्टच्या झेरॉक्स गोळा करणारा गावातला ओळखीचा माणूसही या व्याख्येत बसू शकतो. लोक त्याचं नाव तक्रारीत घालायला कचरतात, कारण तो नात्यातला असतो किंवा त्याच आळीतला. पण मुख्य एजंटपर्यंत पोचायची वाट बहुधा त्याच्याच फोनमधून जाते. तो खरंच निव्वळ मध्ये अडकला असेल तर तपासात साक्षीदार म्हणून उभा राहील. ते ठरवणं पोलिसांचं काम आहे, तुमचं नाही.

शिक्षा कलम २४ मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. न्यायालयाने निकालपत्रात खास कारण नोंदवलं नाही, तर कमीत कमी सहा महिने कैद आणि एक हजार रुपये दंड. दोन हजार हा आकडा १९८३ सालचा आहे, आणि आज लाखांत खेळणाऱ्या एजंटला तो चहापाण्याचा खर्च वाटत असेल. हेच कलम परवाना असलेल्यांनाही लागतं. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शुल्क घेणं, खोटी माहिती देऊन प्रमाणपत्र किंवा मंजुरी मिळवणं, परदेशी जाणाऱ्याला फसवणं, हे सगळं त्यात आहे. गुन्ह्याचा प्रयत्न केला तरी शिक्षा तीच, आणि गुन्हा कंपनीच्या नावाने झाला असेल तर कारभार पाहणारे कलम २५ खाली जबाबदार धरले जातात.

शुल्काची मर्यादा लक्षात ठेवा. परवानाधारक एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो. त्याची पावती द्यावी लागते. 'व्हिसाचे दीड लाख' मागणारा परवानाधारक असला तरी तिथे कायदा मोडतोच.

यातल्या दोन कलमांवर पोलीस ठाण्यातली अर्धी लढाई ठरते. कलम २६ म्हणतं की या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या हुकमाविना तपास करता येतो. कलम २७ म्हणतं की खटला भरायला केंद्र सरकारची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. काही ठाण्यांत याच मंजुरीचं कारण सांगून अर्ज बाजूला पडतो. पण त्याच कलमात अपवाद आहे: जाणाऱ्याने किंवा जाऊ पाहणाऱ्याने स्वतः तक्रार केली, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालकाने केली, तर मंजुरीची गरज नाही. एकत्र हिंदू कुटुंबाचा कर्ताही ती करू शकतो. या यादीत काका नाही, मित्र नाही, गावचा सरपंच नाही, तालुक्यातला कार्यकर्ताही नाही. सोबत कुणालाही न्या, पण अर्जावर सही यादीतल्या माणसाची हवी.

न्याय संहितेतली कलमं

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. घटना त्याआधीची असेल तर जुनी कलमं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ४२० वगैरे. त्यानंतरची असेल तर नवी. पैसे आधी दिले आणि बनावट व्हिसा नंतर मिळाला, असंही होतं. म्हणून तारखा नेमक्या लिहा.

मुख्य कलम ३१८(४): फसवून, अप्रामाणिकपणे प्रवृत्त करून पैसे किंवा मालमत्ता काढून घेणं. सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र. इथे कळीचा मुद्दा असा की आश्वासन देतानाच फसवण्याचा हेतू होता हे दिसलं पाहिजे. नुसतं आश्वासन मोडलं म्हणून फसवणूक होत नाही. वकील याच फटीतून आरोपीला बाहेर काढतात. हेतू मात्र कागदांतून दिसू शकतो. पैसे घेतले त्या दिवशी परवाना नव्हता. दाखवलेली कंपनी अस्तित्वात नव्हती, किंवा होती पण तिने अशी भरती काढलीच नव्हती. पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यात मागवले. तिकिटाचा पीएनआर खोटा निघाला. त्याच महिन्यात आणखी दहा जणांना तीच जागा 'दिली' होती. परवान्याचा धागा इथे पुन्हा उपयोगी पडतो. आपल्याला भरतीचा अधिकारच नाही हे ठाऊक असून पैसे घेणारा माणूस 'माझा हेतू चांगला होता' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

बनावट ऑफर लेटर, व्हिसा किंवा शिक्का असेल तर ३३६(३), म्हणजे फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणं, आणि असा कागद खरा म्हणून वापरल्याबद्दल ३४०(२). दुसऱ्या कंपनीचा एचआर असल्याचं सोंग घेतलं असेल तर ३१९, तोतयागिरी. दोघंतिघं मिळून असतील तर ६१(२), फौजदारी कट.

विश्वासघाताचं कलम ३१६ सुद्धा लावा असा आग्रह अर्ज लिहून देणारे धरतात. तो जपून धरा. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात स्पष्ट केलं की एकाच घटनेवर फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकत्र नांदत नाहीत. पहिल्यात हेतू सुरुवातीपासून खोटा असतो, दुसऱ्यात माणूस विश्वासाने सोपवतो आणि मग नियत फिरते. नोकरीच्या फसवणुकीत बहुधा पहिलंच खरं असतं. कलमांची माळ लांब केली म्हणून केस मजबूत होत नाही.

वेगळी आणि कितीतरी गंभीर गोष्ट म्हणजे कलम १४३, मानवी तस्करी. फसवून किंवा आमिष दाखवून, शोषणासाठी माणसाची भरती किंवा ने-आण केली तर सात ते दहा वर्षं सक्तमजुरी, आणि एकापेक्षा जास्त माणसांची केली तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पीडिताची संमती होती हा बचाव इथे चालत नाही. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी सांगून म्यानमारच्या म्यावाडीत, कंबोडियात किंवा लाओसच्या गोल्डन ट्रँगलमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपण्याचे प्रकार याच कलमात येतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माय सोतहून परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने तिथूनच सुटून आलेल्या आणखी साठेक जणांच्या प्रकरणात एजंटांना अटक केली. रशियात मदतनिसाची नोकरी म्हणून नेऊन युद्धभूमीवर पाठवलेल्या तरुणांच्या प्रकरणात सीबीआयने मार्च २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला आणि मुंबईसह सात शहरांत छापे घातले. कोंडून ठेवणं, पासपोर्ट काढून घेणं, मारहाण, सुटकेसाठी पैशांची मागणी, यांतलं काहीही घडलं असेल तर ते अर्जात ठळक लिहा. ते नसेल तर तस्करीचं कलम ओढूनताणून आणू नका.

पहिलं काम: परवाना तपासून कागद हातात घ्या

परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे. नाव, परवाना क्रमांक आणि स्थिती पाहायची: चालू, निलंबित, रद्द की मुदत संपलेला. बेकायदा एजंटांची वेगळी यादीही तिथे असते, आणि तिच्यात तीन हजारांहून जास्त नावं आहेत. तिच्यात तुमच्या एजंटचं नाव नाही म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. ज्याची तक्रारच झाली नाही तो त्या यादीत येणार कसा?

एक जुनी युक्ती ओळखून ठेवा. एजंट खरा परवाना क्रमांक दाखवतो, पण तो दुसऱ्याच कंपनीचा असतो. म्हणून पोर्टलवरचं नाव, पत्ता आणि फोन त्याच्या व्हिजिटिंग कार्डाशी ताडून पाहा, आणि पोर्टलवरच्या नंबरवर फोन करून हा माणूस तुमचाच का ते विचारा. 'आम्ही त्यांचे सब-एजंट' हे उत्तर म्हणजे कबुलीच समजा.

परवान्याची अट आखाती देशांपुरती किंवा दहावी न झालेल्यांपुरती आहे हा समज चुकीचा आहे. अठरा देशांत नोकरीला जाताना ईसीआर ('एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असलेल्या) पासपोर्टवाल्याला स्वतःसाठी मंजुरी लागते, ती गोष्ट वेगळी. एजंटला परवाना लागतोच, मग तुम्ही पदवीधर असा की सातवी पास, आणि देश कतार असो की पोलंड.

मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. तिथे लेखी अर्ज द्या: अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या व्यक्तीला किंवा संस्थेला अमुक तारखेला परवाना होता का. पोच घ्या. उत्तर यायची वाट पाहत गुन्हा नोंदवणं लांबवू नका. पोर्टलवरच्या शोधाचा स्क्रीनशॉट तारखेसह जोडून अर्ज द्या, लेखी उत्तर नंतर तपास अधिकाऱ्याकडे देता येतं.

पुरावा गोळा करताना

एक कल्पित प्रकरण धरू. चिपळूणकडचा वेल्डर. ओळखीच्या माणसाने नवी मुंबईतल्या ऑफिसात नेलं, दोहाची नोकरी सांगितली. एक लाख यूपीआयने दिले, चाळीस हजार रोख. मेडिकल झालं, पीडीएफमध्ये व्हिसा आला, तिकीट आलं, आणि विमानतळावर कळलं की दोन्ही खोटे.

यूपीआयचा स्क्रीनशॉट ही फक्त सुरुवात आहे. बँकेकडून त्या काळाचं शिक्क्याचं खातेउतारा-पत्रक घ्या, त्यात पैसे कुणाच्या खात्यात गेले ते दिसतं. बहुतेकदा ते एजंटचं खातं नसतं. तो खातेदारही तपासात येतो. व्यवहार ताजा असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

रोख रकमेचा पुरावा नाही म्हणून लोक ती अर्जातून गाळतात. असं करू नका. ती रक्कम आली कुठून ते दाखवा. त्याच दिवशी बँकेतून काढली, पतसंस्थेचं कर्ज घेतलं, आईचे दागिने गहाण ठेवले, म्हैस विकली, यांतल्या प्रत्येकाचा कुठेतरी कागद असतो. देताना हजर असलेल्यांची नावं लिहा. नंतरच्या चॅटमध्ये एजंटने 'तुमचे एक चाळीस देतो' असं लिहिलं असेल तर तो पुरावा कुठल्याही पावतीच्या तोडीचा आहे.

मोबाईलची काळजी घ्या. चॅट पुसू नका, फोन बदलू नका, एजंटला ब्लॉक करायची घाई करू नका. चॅट एक्सपोर्ट करून आणि पूर्ण स्क्रीनशॉट घेऊन दोन ठिकाणी ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टात आहे, एक भाग तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. हे काम तपास अधिकाऱ्यासोबत बसून करता येतं. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा.

एजंटकडे पासपोर्ट अडकला असेल तर 'हरवला' अशी तक्रार देऊन नवा काढायचा सल्ला कुणीतरी हमखास देतो. तो ऐकू नका. पासपोर्ट मिळवण्यासाठी खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली तुमचाच गुन्हा होईल, शिवाय एजंटविरुद्धचा एक चांगला पुरावा तुम्ही आपल्या हाताने पुसाल. फिर्यादीतच लिहा की पासपोर्ट आरोपीच्या ताब्यात आहे, तो जप्त करून मिळावा.

फिर्याद कशी लिहायची

भावना कमी, तारखा जास्त. अर्ज दोनतीन पानांच्या वर जाऊ देऊ नका. आधी एका कागदावर कालक्रम मांडा: कोण, कुठे, काय म्हणाला, किती दिले, कशाने दिले, पुढे काय झालं. मग त्यातून मजकूर. गाभ्याचा परिच्छेद साधारण असा:

"मी खाली सही करणार, स्वतः परदेशी नोकरीसाठी जाऊ इच्छिणारा उमेदवार असून एमिग्रेशन ॲक्ट, १९८३च्या कलम २७ मधील अपवादानुसार ही तक्रार स्वतः देत आहे. आरोपींनी दिनांक … रोजी … येथे मला … या देशात … या पदावर नोकरी लावतो असे सांगून, आपल्याकडे भरतीचा परवाना असल्याचे भासवून, माझ्याकडून एकूण रु. … घेतले. ई-मायग्रेट पोर्टलवर पाहिले असता आरोपींच्या नावे कोणताही परवाना आढळत नाही. आरोपींनी दिलेला व्हिसा व तिकीट बनावट असल्याचे दिनांक … रोजी … येथे उघड झाले. परवाना नसल्याचे माहीत असूनही आरोपींनी सुरुवातीपासूनच मला फसवण्याच्या हेतूने पैसे घेतले. तरी आरोपींविरुद्ध एमिग्रेशन ॲक्टचे कलम १० व २४ आणि भारतीय न्याय संहितेची योग्य ती कलमे लावून गुन्हा नोंदवावा."

शेवटी 'योग्य ती कलमे' हे शब्द असू द्या. कलमं तपासात वाढतात. ती सुचवताना तोंडी ३१८(४) जरूर म्हणा, पण वाद घालत बसू नका. एमिग्रेशन ॲक्टचा उल्लेख मात्र हट्टाने लेखी राहू द्या. तो बऱ्याच ठाण्यांत रोजच्या वापरातला नसतो, म्हणून त्या कायद्याच्या चार-पाच पानांची प्रत सोबत न्या. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण याने काम हलतं.

अनेकांची फसवणूक झाली असेल तर एकाने फिर्याद द्यावी आणि बाकीच्यांनी आपापली रक्कम, तारीख, पुरावा घेऊन स्वतंत्र जबाब द्यावेत. तीस जणांच्या सह्यांचा एकच अर्ज मोर्चाला ठीक. खटल्यात प्रत्येकाचा पैसा वेगळा सिद्ध करावा लागतो.

कुठे जायचं, आणि नाही म्हणाले तर

चिपळूणच्या वेल्डरला नवी मुंबईलाच जायला सांगतील. गरज नाही. आश्वासनाचे मेसेज जिथे मिळाले, पैसे जिथून दिले, त्या ठिकाणीही गुन्ह्याचा भाग घडलेला असतो. शिवाय जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते, मग गुन्हा वर्ग करता येतो, म्हणजे झिरो एफआयआर. ऑनलाइन माहिती देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद झाल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे.

'चौकशी करून सांगतो' हे उत्तर कुठून येतं ते समजून घ्या. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दखलपात्र गुन्हा दिसला तर एफआयआर बंधनकारक ठरवला, पण व्यापारी स्वरूपाच्या वादात प्राथमिक चौकशीची वाट ठेवली. त्या वाटेवर तुम्हाला ढकलू नये म्हणूनच परवान्याचा मुद्दा आधी. परवाना नसताना भरती, हा गुन्हा अर्ज वाचताक्षणी दिसतो. नागरिक सुरक्षा संहितेतली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. ३१८(४) मध्ये शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, म्हणून ती इथे लागू होत नाही.

तरीही नकार आला तर त्याच अर्जाची प्रत रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाला पाठवा. तिथेही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली, प्रतिज्ञापत्रासह अर्ज. अधीक्षकांकडे गेल्याची पोच नसेल तर हा अर्ज अडतो, म्हणून पोस्टाची पावती जपा. समांतरपणे ई-मायग्रेटवर तक्रार टाका. एजंट परवानाधारक असेल तर तिथली तक्रार त्याला जास्त झोंबते, कारण परवाना निलंबित होऊ शकतो आणि त्याची बँक हमी सरकारकडे अडकलेली असते.

मुदतीचं भान ठेवा. दोन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय तीन वर्षांच्या आतच घेऊ शकतं. म्हणजे एमिग्रेशन ॲक्टचं कलम उशिराने हातचं जाऊ शकतं. ३१८(४) ला अशी मुदत नाही, पण तीन वर्षांनी केलेल्या तक्रारीला 'इतके दिवस काय करत होता' हा प्रश्न चिकटतोच.

गुन्हा नोंदल्यावर

दुसऱ्या दिवशी अटक होईल अशी आशा धरू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. त्याचा अर्थ केस संपली असा नाही. तपास अधिकाऱ्याला लेखी विनंत्या करा: आरोपीची आणि पैसे गेलेल्या तिसऱ्या माणसाची खाती गोठवा, पासपोर्ट जप्त करा, ऑफिसच्या भाडेकरारावरून खरी नावं काढा, आरोपी देशाबाहेर पळण्याची भीती असेल तर लुक-आउट नोटीस काढा. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून पीडितांना वाटण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये आली आहे. पोलिसांनी न्यायालयात अर्ज केल्याशिवाय ती चालत नाही, म्हणून मागणी तुम्हीच लावून धरा. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत तुम्हाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आरोपी अटकपूर्व जामिनाला जाईल. तिथे सरकारी वकिलांना मदत करण्यासाठी तुम्हाला वकिलामार्फत हजर राहता येतं. किती जणांचे किती पैसे, आधीचे गुन्हे कोणते, याची एका पानाची यादी त्यांच्या हातात द्या.

माणूस अजून तिकडेच असेल तर

इथे क्रम उलटा: आधी सुटका, मग खटला. दूतावासाशी संपर्क, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या तक्रार पोर्टलवर नोंद, आणि भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८००-११-३०९०. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथेही अशी केंद्रं आहेत. अडकलेल्यांच्या तिकिटासाठी दूतावासाकडे कल्याण निधी असतो. मालकाला न सांगता पळून जाण्याआधी दूतावासाला कळवलेलं बरं, नाहीतर सौदीसारख्या ठिकाणी 'हुरूब' लागतो, म्हणजे कामगार पळाला अशी मालक नोंद करतो, आणि परत येणं आणखी अवघड होतं. फिर्याद इथे आई, वडील, बायको किंवा भाऊ देऊ शकतात, तो येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

व्हिजिट व्हिसावर कामाला गेलेल्यांना एक भीती असते आणि ती अगदीच निराधार नाही. कायद्याबाहेर जाऊन परदेशी नोकरीला जाणं हेही कलम २४ मध्ये गुन्हा म्हणून लिहिलं आहे. तरी ही गोष्ट फिर्यादीत लपवू नका. व्हिसा कोणता हे एजंटने ठरवलं, तुम्हाला काय सांगितलं, कागद कधी हातात दिले, विमानतळावर काय बोलायला पढवलं, हे जसंच्या तसं लिहा. तोच एजंटविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा असतो. पुढे उलटतपासणीत उघड होणारी लपवाछपवी मात्र सगळी साक्ष खाली आणते.

जहाजावरची नोकरी

कोकणात आणि गोव्यात हा प्रकार जास्त, आणि इथे वाट वेगळी आहे. खलाशांच्या भरतीसाठी डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा, आरपीएसएल (रिक्रूटमेंट अँड प्लेसमेंट सर्व्हिस लायसन्स) हा परवाना लागतो, ई-मायग्रेटवर तो शोधत बसू नका. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कंपनी पाहा. परवानाधारक कंपनी खलाशाकडून भरतीचे पैसे घेऊच शकत नाही. त्यामुळे 'जॉइनिंगचे तीन लाख' ही मागणीच पुरेशी खूण आहे. फसवणुकीची कलमं तीच, फक्त तक्रारीची दुसरी प्रत डीजी शिपिंगकडे पाठवायची.

तडजोडीचा निरोप आला की

गुन्हा नोंदला की निरोप येतो: निम्मे घ्या, केस मागे घ्या. पैसे परत हवे असणं यात काही गैर नाही. कर्जाचे हप्ते कुणाला चुकलेत? पण क्रम सांभाळा. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो, पोलीस ठाण्यात कागदावर सही करून नाही. 'गैरसमजातून तक्रार दिली' असं लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रावर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करू नका. पुढच्या तारखेचा चेक घेतलाच, तर तो वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवा, पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस मिळतात, आणि तेही गेले की एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली वेगळी तक्रार दाखल करा. आलेली रक्कम ज्यांनी जबाब दिले त्या सगळ्यांत कशी वाटायची ते आधीच लिहून ठरवा. एजंट सगळ्यांत आधी फिर्यादीचे पैसे देऊन त्यालाच फोडतो, आणि मागे राहिलेल्या साक्षीदारांची केस तिथेच ढिली पडते.